शनची पंगत

माझी नात इरा नोएडाच्या शाळेत पाचवीत आहे आणि शनिवार-रविवार आमच्याकडे मयूर विहारला राहायला येते. परवा ती सोफ्यावर उलटी लोळत होती, म्हणजे पाय भिंतीला आणि डोकं जमिनीकडे, आणि त्या अवस्थेत मोबाइलवर अभ्यास चालला होता. इंग्रजी शब्द शिकण्याचं कसलंसं अ‍ॅप आहे. त्यात रोज शब्दाचं एक शेपूट देतात आणि त्या शेपटाचे शब्द ओळखायला सांगतात. "आजी, आज शन आहे," ती म्हणाली, "बिल्कुल इझी आहे यार." आजीला यार म्हणू नये हे सांगून मी थकले आहे, तेव्हा तो विषय सोडून मी भेंडी चिरता चिरता आतूनच एका दमात म्हणून दाखवलं : सँक्शन, डिडक्शन, डेप्युटेशन, एक्स्टेन्शन, रिक्विझिशन, सुपरअ‍ॅन्युएशन. इरा सरळ होऊन बसली. तिच्या अ‍ॅपमध्ये यातला एकही शब्द नव्हता. तिथे व्हेकेशन, सेलिब्रेशन, इमॅजिनेशन असले सगळे खात्यापित्या घरचे शब्द होते. हे सगळं तू कुठल्या शाळेत शिकलीस, असं तिने विचारलं. शाळेत नाही, जेवताना शिकले, असं मी सांगितलं, आणि ती ज्या नजरेने माझ्याकडे बघत राहिली ती बघून हे एकदा नीट लिहून काढावं असं ठरवलं.

आम्ही तेव्हा गोल मार्केटच्या बाजूला एका सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे टीचभर अंगण, अंगणात एक नळ आणि त्या नळाला कायमचं फडकं बांधलेलं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात असिस्टंट होते. मंत्रालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते इतक्यांदा बदललं की शेवटी शेवटी बाबासुद्धा "आमचं ऑफिस" एवढंच म्हणत. ते मुंबईहून डेप्युटेशनवर आले होते. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असं आईला सांगून आणलं होतं, त्यामुळे आईने सामान कधी पुरतं सोडलंच नाही. पितळेची मोठी पातेली माझं सगळं बालपण पोत्यात शिवलेली राहिली आणि त्या पोत्यांवर उशा टाकून आम्ही बसायचो. पाहुणे आले की त्याला दिवाण म्हणायचं. पहाटे दुधाच्या बूथवर बाटल्यांचा खणखणाट होई, मग शेजारच्या मल्होत्रा आंटींचा "ओए उठ जा" असा गजर होई, तो त्यांच्या मुलाबरोबर आमच्या घरालाही लागू पडे. उन्हाळ्यात कूलर दिवसभर घरघरायचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि इंग्रजी फक्त बाबांच्या ऑफिसात, तेही फायलींच्या आत.

मी पहाडगंजच्या मराठी शाळेत जायची. स्वस्त हॉटेलांच्या पाट्या, ठोक मालाची दुकानं, हातगाड्या आणि संथ चालीने चाललेल्या गाई यातून वाट काढत शाळा गाठायची आणि आत शिरलं की एकदम "बाई, मी आत येऊ का" सुरू. शाळेत इंग्रजी चांगलंच शिकवत, ते माझ्या डोक्यात राहत नसे एवढंच. परीक्षेपुरतं मी धडाधड पाठ करी आणि पेपर देऊन बाहेर पडताना ते पर्यवेक्षकांकडेच ठेवून येई. माझा आवाज मोठा आणि तोंड सतत चालू. मराठीत मी कुणालाही गप्प करू शकत असे आणि हिंदीत भाजीवालीशी पाव किलो मटारासाठी भांडू शकत असे. इंग्रजीत मात्र माझी दातखीळ बसायची.

हे सगळं सुखाने चाललं असतं, पण बारावीच्या वर्षी पुण्याचे काका आले. काका राज्य सरकारात अधिकारी. कामानिमित्त दिल्लीला आले की कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये उतरत आणि आम्ही सगळे त्यांना भेटायला जात असू, कारण आमच्या पोत्यांच्या दिवाणावर काकांना बसवणं आईला पटत नसे. तिथे कांदेपोहे खाता खाता काकांनी माझं भवितव्य ठरवून टाकलं. नलूने बारावीनंतर पुण्याला यावं, आमच्याकडे राहावं, मराठीतून बी. ए. करावं, म्हणजे पुढे स्थळंही तिथल्या तिथे बघता येतील. बाबा मोठ्या भावापुढे कधी बोलत नसत. ते पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला करत राहिले. परतताना बसमध्ये मात्र ते म्हणाले, की इथल्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर काकांना तसं सांगता येईल. नाही मिळाला तर काय सांगणार. आणि इथलं चांगलं कॉलेज म्हणजे बाबांच्या मनात एकच होतं, ते मुलींचं, इंग्रजी माध्यमाचं, आणि तिथे प्रिन्सिपल बाई स्वतः इंग्रजीतून मुलाखत घेत.

मला पुण्याला जायचं नव्हतं. काकांच्या घरी दुपारच्या झोपेत भांडं वाजलं तर काका उठून बसत आणि कुठलं भांडं होतं ते विचारत. अशा घरात माझ्या आवाजाचं काय होणार? इथे माझी हिवाळ्यातली गच्ची होती, उन्हात बसून फोडलेल्या मूंगफलीच्या टरफलांचे ढीग होते, तिळाची गजक होती, मैत्रिणी होत्या. आणि आई होती.  त्या आठवड्यात तिने दोनदा आमटीत मीठ घातलं नाही, आणि आम्हीही ती तशीच गुपचूप ओरपली.

मग एका संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले ते बूट न काढताच आत आले. आईच्या घरात हा गुन्हा होता, पण बाबांचा चेहरा असा काही उजळला होता की आई टोकायची राहिली. त्यांना शोध लागला होता. दिवसभर टपाल बघता बघता त्यांच्या लक्षात आलं होतं, की सरकारातला एकूण एक विषय शनवर संपतो. माणूस अ‍ॅप्लिकेशन करतो, मग सिलेक्शन, मग प्रमोशन, मध्ये एखादं सस्पेन्शन, शेवटी पेन्शन. इंग्रज जाताना बाकी सगळं घेऊन गेले आणि शन तेवढं सेक्रेटरिएटमध्ये विसरून गेले, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हे शेपूट घट्ट पकडलं की सगळं इंग्रजी मागे मागे येणार. शिवाय रेशन, स्टेशन, फॅशन, टेन्शन, इंजेक्शन, ऑपरेशन हे शब्द तर आपल्याला जन्मापासून येतातच, तेव्हा अर्धी लढाई आधीच जिंकलेली. आई म्हणाली, घराला शनी लागतो हे ऐकलं होतं, शन लागलेलं घर पहिल्यांदाच बघते आहे. आणि मग तिने बूट काढायला लावले.

तेव्हा आंब्याचे दिवस सुरू होत होते. बाबांनी नियम केला : पहिली वाढणी हक्काची, दुसरी शनची. आमरसाची दुसरी वाटी हवी असेल तर एक नवा शब्द सांगायचा, तो इंग्रजी वाक्यात वापरून दाखवायचा, आणि एकदा झालेला शब्द पुन्हा चालणार नाही. दिल्लीत हापूस कुठला, सफेदा आंब्याचा रस. त्यात आई वेलदोडा आणि चिमूटभर सुंठ घाली आणि दर वेळी "हा काही खरा आंबा नव्हे" असं आंब्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणून तो पातेल्यात पिळी. ही मानहानी सोसूनही तो रस इतका छान होत असे की मी त्यासाठी काहीही पाठ करायला तयार होते.

पंगतीत आम्ही तिघं. बाबा, मी आणि अविदादा. अविदादा हा माझ्या आत्याचा मुलगा. कुठल्याशा स्पर्धापरीक्षेसाठी दोन महिने म्हणून आला होता आणि आता आमच्या रेशनकार्डावर त्याचं नाव घालावं का याची चर्चा चालू होती. तो उपजत भुकेला होता आणि दिवसभर वर्तमानपत्रं वाचायचा, त्यामुळे त्याच्याकडे शनांचा साठा अमाप. इन्फ्लेशन, एक्झिक्यूशन, रिव्होल्यूशन. देशात काहीही वाईट घडलं की अविदादाला वाटीभर रस मिळायचा. एकदा तर त्याने "कॉन्स्टिपेशन" काढलं, भर जेवणात, आणि वाक्य केलं, "मामा हॅज कॉन्स्टिपेशन." आईने पळी खाली ठेवली. बाबांनी बराच विचार केला. शब्द नवा होता, वाक्य बरोबर होतं, आणि दुर्दैवाने खरंही होतं. अविदादाला वाटी मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांना सकाळी इसबगोल.

आई या पंगतीत कधी बसलीच नाही. "मला नको तुमचं शन-बिन," ती म्हणायची, "मी वाढणारी आहे. मला कोण अडवणार?" आणि ते आम्हाला इतकं पटायचं की त्यावर कुणी पुढे विचारच केला नाही. आम्ही उठलो की ती स्वयंपाकघरात ताट घेऊन बसे, पुरीने पातेलं निपटे आणि आंब्याची कोय चोखत बसे. कोय मला फार आवडते, असं तिचं म्हणणं होतं. लहानपणापासून हेच ऐकल्यामुळे, काहींना लोणचं आवडतं तशी आईला कोय आवडते, असं मी धरून चालले होते.

माझी अवस्था मात्र केविलवाणी झाली होती. घरात ऐकलेले शब्द पहिल्या आठवड्यातच संपले. मग मी शब्द बनवायला लागले. केर काढणं म्हणजे स्वीपेशन, भांडी घासणं म्हणजे वॉशेशन. बाबांना संशय यायचा, पण त्यांना खात्री नसे, आणि घरात डिक्शनरी नव्हती. ती ऑफिसात मोठ्या साहेबांच्या कपाटात कुलपात असे. मग बाबा त्या दिवसापुरती वाटी देत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडक्या चेहऱ्याने घरी येत. "नलू, स्वीपेशन नाहीये गं," ते म्हणत, जणू कुणी ओळखीचं गेलं होतं. आणि मग त्या दिवशीच्या माझ्या हक्काच्या वाटीतून वसुली होई.

मेट्रोने कुठेही जायचं असलं की आजही माझी पंचाईत होते. डब्यातली ती बाई गोड आवाजात "अगला स्टेशन" म्हणाली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्या ह्यांनी एकदा डॉक्टरांना विचारायला लावलं. डॉक्टरांनी शुगर तपासली, ती अगदी नॉर्मल निघाली. मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही.

मुलाखत जवळ आली तशी बाबांनी रंगीत तालीम सुरू केली. ते पोत्यांच्या दिवाणावर प्रिन्सिपल होऊन बसत, मी समोर उभी. बाबांचं इंग्रजी सगळं फायलींतलं, त्यामुळे माझंही तेच झालं. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर "विथ रेफरन्स टु युवर क्वेश्चन" असं सुरू करायचं आणि "सबमिटेड फॉर काइंड कन्सिडरेशन" असं संपवायचं. तुझं नाव काय, याचंसुद्धा. मध्ये जमेल तितकी शनं घालायची. जगातले सगळे शिकलेले लोक असंच बोलतात याबद्दल आम्हा दोघांना तिळमात्र शंका नव्हती. घरात ती भाषा मुरली. सिनेमाला जाऊ का असं न विचारता मी परमिशन मागायची, बाबा "अंडर कन्सिडरेशन" म्हणायचे आणि सिनेमा थिएटरमधून उतरेपर्यंत ते कन्सिडरेशन चालू राहायचं. आई पोळ्या लाटता लाटता हे सगळं ऐकत असे. तिच्या कानावरून काय काय जात होतं याचा आम्हाला पत्ता नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी नेमकं बाबांच्या ऑफिसात इन्स्पेक्शन निघालं. ज्या शब्दाने मला एकदा वाटी मिळवून दिली होती त्यानेच असा दगा दिला. तेव्हा माझ्याबरोबर आई यायचं ठरलं. बाबांनी तिला तीन-तीनदा बजावलं, की तू फक्त बसायचंस, काही बोलायचं नाहीस, जे काही बोलायचं ते नलू बोलेल. आईने चॉकलेटी काठांची पातळ साडी नेसली, पिशवीत पाण्याची बाटली आणि दशम्या घेतल्या, कारण तिच्या मते कुठलंही काम उपाशीपोटी होत नाही, आणि आम्ही बसने निघालो.

प्रिन्सिपल बाई वयस्क होत्या. केस पांढरे, सुती साडी, चेहरा प्रेमळ पण दमलेला. सकाळपासून त्यांनी बऱ्याच मुली बघितल्या असाव्यात. आई दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. बाईंनी मला इंग्रजीतून स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. मी मोठ्याने, अगदी शेजारच्या वर्गात ऐकू जाईल अशी सुरुवात केली, "विथ रेफरन्स टु युवर क्वेश्चन, आय सबमिट माय इंट्रोडक्शन." बाईंनी चष्मा काढला. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "इन अवर हाउस, थ्री पर्सन्स आर इन पर्मनंट पोझिशन अँड वन पर्सन इज ऑन एक्स्टेन्शन." तो एक म्हणजे अविदादा. बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं त्यांना सर्दी झाली आहे. वडील काय करतात? डेप्युटेशन. आई? रेशन, सॅनिटेशन अँड डिस्ट्रिब्यूशन. छंद? कॉन्व्हर्सेशन, सब्जेक्ट टु परमिशन. आता बाईंचे खांदेसुद्धा हलू लागले होते. सर्दी बरीच असावी, असं वाटून मी आवाज आणखी वाढवला, म्हणजे त्यांना कष्ट पडू नयेत.

शेवटी डोळे पुसून त्यांनी विचारलं, की इथे प्रवेश नाही मिळाला तर काय करशील. हा प्रश्न तालमीत नव्हता. बाबांनी असा प्रश्न विचारायचं टाळलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. माझ्याकडे त्याला लागणारं वाक्य नव्हतं. मैत्रिणी, गच्ची, काकांची दुपार, आईची बिनमिठाची आमटी, यातलं काही म्हणजे काही शनवर संपत नव्हतं. माझा तो आवाज एकदम कुठे गेला कुणास ठाऊक. मी हळूच म्हटलं, "ट्रान्सफर टु पुणे, मॅडम." आणि मग, "काइंडली कॅन्सलेशन."

बाई हसायच्या थांबल्या. त्यांनी माझी गुणपत्रिका पुन्हा उचलून बघितली, आणि आता त्या हिंदीत बोलल्या, ते आईलाही कळावं म्हणून. मुलगी हुशार आहे, पण इथे सगळं इंग्रजीतून चालतं, तिला झेपणार नाही. एखाद्या हिंदी माध्यमाच्या कॉलेजात बघा, नाहीतर एक वर्ष इंग्रजीची तयारी करून पुन्हा या. एक वर्ष म्हणजे पुणं. मी मान खाली घालून उठले. आणि मागून, दाराजवळच्या खुर्चीतून, स्वच्छ आवाज आला.

"ऑब्जेक्शन."

मी वळून बघितलं. आई पिशवी खाली ठेवून उभी राहिली होती. इतक्या दिवसांत तिने तोंडातून काढलेलं हे पहिलं शन. बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि कशाबद्दल, असं इंग्रजीत विचारलं. आईला ते कळलं नसावं, पण तिला कुणी कशाबद्दल विचारायची गरजही नव्हती. ती तिच्या मुंबईच्या हिंदीत सुरू झाली.

"मॅडमजी, आपने इतने सवाल पूछे, ये एक भी सवाल को चुप नहीं बैठी. इंग्लिश आती होती तो मैं आपके पास कायको लाती? तवे पे कच्ची रोटी ही डालते हैं ना? पकी हुई कौन डालता है?"

 बाई आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की घरी हिला हे इंग्रजी शिकवतं कोण. आई म्हणाली, इसके पिताजी, सरकारी नोकरी में हैं. "वो तो मैं समझ गयी थी," बाई म्हणाल्या आणि त्यांना पुन्हा सर्दी झाली. या खेपेला मलाही कळलं, की ती सर्दी नव्हती. त्यांनी माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, की दिवाळीपर्यंत बघू, तोवर प्रवेश प्रोबेशनवर. रोज लायब्ररीत बसायचं, गोष्टींची पुस्तकं वाचायची, आणि वडिलांकडून एक अक्षरही शिकायचं नाही.

 बाहेर आल्यावर आम्ही कॉलेजच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली बसून दशम्या खाल्ल्या. तो शब्द तिला कसा आला, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुझे बाबा रोज ऑफिसातून येऊन सांगतात ना, आज या फायलीवर अमक्याने ऑब्जेक्शन घेतलं, काम थांबलं. म्हटलं, एका शब्दाने सबंध सरकार थांबतं, तर ही बाई का नाही थांबणार.

संध्याकाळी बाबा दारातच उभे राहिले, आत यायला धजेनात. मी आतूनच ओरडून "प्रोबेशन" असं सांगितलं. बाबा मटकन दिवाणावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या दृष्टीने याहून मोठा शब्द नव्हता. सगळे आधी प्रोबेशनवरच लागतात, मीसुद्धा तसाच लागलो होतो, असं ते अविदादाला पुन्हा पुन्हा सांगत होते. मग मी त्यांना सगळी मुलाखत करून दाखवली. मॅडमची सर्दीसुद्धा करून दाखवली. माझं इंग्रजी त्यांच्या मते चोख होतं, आणि बाई का हसल्या हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे मी गोष्टींची पुस्तकं वाचून इंग्रजी शिकले, आणि ते शिकून लागले कुठे, तर सरकारी अनुवादक म्हणून, बाबांच्याच शनांचं आयुष्यभर हिंदी करत. हे काही मी बाईंना कळवलं नाही.

आईचं ऑब्जेक्शन मी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्या रात्री आमरस-पुरी होती, मोसमातला शेवटचा रस. आम्ही ताटावर बसलो, आईने पळी उचलली, तर बाबा म्हणाले, थांब. नवा शब्द, वाक्याशिवाय एकटाच वापरला तरी काम झालं, म्हणजे वाक्यात वापरल्यासारखंच. नियम म्हणजे नियम. तू बस. आई नको नको म्हणत असताना त्यांनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतः वाढायला उठले. बाबांनी जन्मात कधी पळी धरली नव्हती. पहिली वाटी त्यांनी भरली, ती आईच्या साडीच्या चॉकलेटी काठावर. दुसरी मात्र वाटीत पडली. आई ती वाटी हातात धरून बसली, परक्याच्या घरी पाहुणी गेल्यासारखी. "एवढा रस मी कसा खाऊ?" ती म्हणाली. मग तिने पुरीचा एक घास बुडवून खाल्ला, आणि दुसरा, आणि मग ती बोलायची थांबलीच. तिच्या तोंडाकडे बघताना माझा घास हातातच राहिला. कोय आवडणाऱ्या माणसाचा चेहरा हा नव्हे, हे मला दिसत होतं. बाबांनाही दिसत असावं, कारण ते पळी हातात घेऊन तसेच उभे होते. पातेल्यात एक शेवटची वाटी उरली होती. अविदादाने घसा साफ केला, सावरून बसला आणि आपली वाटी पुढे करत म्हणाला, "मामा, न्यूट्रिशन." शब्द नवा होता. बाबांनी पळी पातेल्यात बुडवली.

"ऑब्जेक्शन," आई म्हणाली आणि तिने आपली वाटी पुढे केली.

अविदादाला त्या दिवशी कोय मिळाली.